पाण्याची ओटी

ठमाबाईच्या दुधाची बाटली करायचा मान घरात एकट्या गोरखमामांचा. त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना मुळीच खपत नसे. ठमाबाई म्हणजे त्यांची चार महिन्यांची नात. बारशाला तिचं अन्विता असं छानसं नाव ठेवलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. आजोबांनी पहिल्या दिवसापासून तिची ठमाबाई करून टाकली. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी सून श्रावणी तापाने फणफणली, तिचं दूध आटलं आणि डॉक्टरांनी डब्यातलं दूध सुरू करायला सांगितलं. तेव्हा ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःसाठी चहा टाकला नव्हता, त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

डब्यावर लिहिलं होतं, पाणी उकळून घ्या. गोरखमामांनी ते फारच मनावर घेतलं. पातेलं शेगडीवर चढलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं ते तिथून हलायचे नाहीत.

"बाबा, अहो किती उकळताय? अर्धं आटलं की!" श्रावणी पलंगावरून म्हणायची.

"आटू दे. जंतूंच्या सात पिढ्या मेल्या पाहिजेत."

"एका उकळीत मरतात हो ते."

"पुस्तकातले मरत असतील. आसरामाळाचे जंतू चिवट आहेत, इथल्या माणसांसारखे."

श्रावणी हसायची आणि कूस बदलायची. तिला वडील नव्हते. लग्न होऊन आली तेव्हा ती त्यांना 'मामा' म्हणत होती, सगळी वसाहत म्हणते तसं. 'बाबा' कधीपासून म्हणायला लागली ते दोघांनाही आठवत नव्हतं.

आसरामाळ हे जुनं नाव. तिथे पूर्वी एक आड होता, आडाच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरांचे. पाण्यातल्या त्या बहिणी. त्यांना नारळ दिल्याशिवाय कुणी आडात बादली सोडायचं नाही. मग शेजारच्या गावाचं शहर झालं, कारखाने आले, माळावर प्लॉट पडले आणि कागदोपत्री अमृतनगर वसलं. चाळीस घरांची साडेतीनशे झाली. धरणाचं पाणी 'येत्या वर्षी' येणार होतं, ते अकरा वर्षं येतच होतं. तोवर घरोघरी बोअर. आणि त्या साडेतीनशे घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांचे नळ, संडास, गटारं ज्यांच्या हातून जोडली गेली ते हे गोरखमामा वाकळे, प्लंबर, वय सदुसष्ट.

त्या सोमवारी सकाळी बाटली संपवून ठमाबाई गप्प पडली. एरवी पाय सायकल चालवल्यासारखे हलायचे, ते हलेनात. मामांनी तिला उजेडात नेलं. पोरीचे ओठ जांभळट दिसत होते. नखंही तशीच.

"श्रावणी! मयूरला फोन लाव! पोरगी निळी पडली!"

मयूर म्हणजे त्यांचा मुलगा, कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. त्याची वाट न बघता दोघं रिक्षाने दवाखान्यात पोचली. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ठमाबाईच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. ते रक्त लाल नव्हतं, काळपट तपकिरी होतं.

"दूध कुठल्या पाण्यात करता?"

"बोअरच्या. पण उकळून हं! चांगलं वीस मिनिटं," मामा घाईने म्हणाले. "आधी जंतू मारायच्या दिव्याखालून काढतो, मग उकळतो."

डॉक्टरांनी मामांना खुर्चीवर बसवलं.

"आजोबा, तुमच्या पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार असणार, आणि भरपूर असणार. मोठ्या माणसाला तो लगेच काही करत नाही. पण तान्ह्या बाळाच्या शरीरात त्याचा असा पदार्थ होतो की रक्त प्राणवायू वाहूनच नेत नाही. छातीत श्वास जातो, पण अंगात पोचत नाही. उकळल्याने जंतू मरतात, दिव्याने मरतात. क्षार मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, तो पातेल्यातच राहतो. जितकं जास्त उकळाल तितका दाट होतो."

मामांनी आपल्या हातांकडे बघितलं. वीस मिनिटं, दिवसातून सहा वेळा, दोन महिने.

गंमत बघा, निळ्या पडलेल्या पोरीला उतारा म्हणून दिलं ते औषधही गडद निळं होतं. ते शिरेतून गेलं आणि तासाभरात ठमाबाईच्या ओठांवर गुलाबी रंग चढला. तिने पाय झाडले. मग तिने असं काही भोकाड पसरलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामा मात्र व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

तिसऱ्या दिवशी श्रावणी तिथूनच परस्पर माहेरी, बार्शीला निघाली. रिक्षात बसताना तिने मामांचा हात धरला.

"बाबा, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही जीव लावून केलंत. पण हे पाण्यात येतं कुठून, ते कळेपर्यंत आणि बंद होईपर्यंत मी हिला त्या घरात आणायची नाही. कुणीतरी काहीतरी सोडतंय आपल्या पाण्यात. तो माणूस सापडला ना, तर त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही मी."

"नकोच बघूस," मामा म्हणाले.

त्यांना तेव्हा खरंच काही सुचलं नव्हतं.

दवाखान्यातून कळवलं गेलं आणि आठवड्याभरात जिल्ह्याच्या भूजल कार्यालयातून जोगदंड मॅडम आल्या. तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात जाड बूट. त्यांच्याबरोबर चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. त्याचं नाव 'मागोवा'. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे काम करायला खोलीभर यंत्रं लागत आणि नमुना पाठवल्यावर निकाल यायला महिना जाई. आता नळाखाली वाटी धरायची, वाटी डब्यात ठेवायची आणि बारा मिनिटं थांबायचं.

मॅडमना वसाहतीची माहिती असलेला माणूस हवा होता. सगळ्यांनी एकमुखाने मामांकडे बोट दाखवलं. मामांनी डबा उचलला. दोन दिवस ते त्यांच्याबरोबर घरोघर हिंडले.

"हे करतं तरी काय?" मामांनी विचारलं.

मॅडमना शिकवायची हौस होती. "नायट्रेटमध्ये नायट्रोजन असतो ना, त्याचे अणू दोन वजनांचे असतात. एक हलका, एक किंचित जड. खतातल्या नायट्रोजनमध्ये जड अणूंचं प्रमाण कमी असतं. माणसाच्या मैल्यातला हलका अणू वास होऊन उडून जातो, म्हणून मागे जडाचं प्रमाण वाढतं. यंत्र लेझरच्या उजेडात हे वजन बघतं. म्हणजे पाण्यात खत आलंय की मैला, ते लपत नाही. शिवाय पाणी जमिनीखाली किती वर्षं होतं तेही कळतं. शंभर नळांचं पाणी तपासलं की यंत्र खडकातल्या भेगांचा अंदाज बांधतं, आणि पाणी कुठून निघून कुठे आलं त्याची वाट काढून दाखवतं."

"म्हणजे पाण्याची कुंडलीच मांडतं म्हणा की."

"तसंच म्हणा. फक्त भविष्य सांगत नाही, मागचं सांगतं."

वसाहतीने निकाल आधीच लावून ठेवला होता. कुणाच्या मते टेकडीपलीकडच्या रंगाच्या कारखान्याने पाणी नासवलं, कुणाच्या मते उसाला खतं ओतणाऱ्या बागायतदारांनी. शनिवारी सगळे समाजमंदिरात जमले. मॅडमनी भिंतीवर नकाशा पाडला.

"हे कारखान्याचं नाही," त्या म्हणाल्या. "खताचं अगदी थोडं आहे. बाकी सगळं माणसांचं आहे. आपलंच."

नकाशावर वसाहतीच्या मधोमध वीस-बावीस तांबडे गोल होते.

"मैल्याच्या टाकीतून पाझरलं असतं तर ते वरच्या मुरुमात अडकलं असतं. हे दोनशे-तीनशे फूट खोल गेलंय. एवढ्या खोल ते आपोआप जात नाही. कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये कुणीतरी टाकीचा पाइप सोडलाय. ही तोंडं बंद होत नाहीत तोवर इथलं पाणी सुधारायचं नाही. आणि वसाहतीत दोघी जणी आज गरोदर आहेत, हे लक्षात घ्या. मात्र यंत्र मला जागा तीस फुटांपर्यंतच दाखवतं. तीस फुटांत तुमची तीन-तीन घरं येतात. नेमकी फरशी कुठली उचकटायची ते तुम्ही सांगायचं."

कोण सांगणार? "आमच्याकडे कधी बोअरच नव्हतं," एक म्हणाला. "आम्ही घर घेतलं तेव्हा असंच होतं," दुसरा म्हणाला. सापडेल त्याचा संडास टाकी नीट होईपर्यंत बंद, असं मॅडमनी सांगितल्यावर तर सगळे एकदम छताकडे बघायला लागले.

मॅडम मामांकडे वळल्या. "मामा, तुम्ही तर इथला पाइप न् पाइप ओळखता. कोरडे बोअर कुठे कुठे होते?"

गोरखमामांना एकवीस वर्षांपूर्वी कुणाच्या मोरीत किती इंची एल्बो बसवला तेही पाठ होतं.

"आता काय आठवतंय, मॅडम," ते म्हणाले. "वय झालं."

खरं तर पहिला तांबडा गोल दिसला तेव्हाच त्यांनी ते घर ओळखलं होतं. तो गोल त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, शेवंताक्काच्या घरावर होता.

एकवीस वर्षांपूर्वी अक्काचे यजमान गेले. तेराव्याच्या आधीच तिची मैल्याची टाकी तुंबली. आसरामाळाखाली काळा पाषाण; वरचा वीतभर मुरूम सोडला तर थेंब जिरत नाही. टाकी उपसणारी गाडी त्या बोळात शिरेना. एका पहाटे गोरख बहिणीकडे गेला तर अक्का, नवऱ्याचं सुतक अंगावर असताना, तोंडाला पदर बांधून बादलीने टाकी उपसत होती. त्याच्या काळजाचं पाणी झालं. अंगणात तीनशे चाळीस फुटांचा कोरडा बोअर नुसता पडून होता. त्याने दोन तासांत टाकीचा पाइप त्यात सोडून दिला.

पण तो आसरामाळाचा पोर. त्याच्या आईने आयुष्यभर त्या सात दगडांना नारळ वाहिला होता. पाण्याच्या तोंडात असलं काही सोडायचं म्हणजे मनाला खात होतं. म्हणून त्याने शेजारणीच्या हातून त्या तोंडाची ओटी भरवली. हिरव्या बांगड्या, खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. "आसरामाय, माफी कर," म्हणाला आणि वरून सिमेंटचं झाकण बसवलं.

टाकी पुन्हा म्हणून तुंबली नाही. बातमी पसरली. "मामा, आमचंही तेवढं करून द्या ना." एकेक करत तेवीस घरं झाली. प्रत्येक घरी मामांचा एकच हट्ट: आधी घरातल्या बाईने ओटी भरायची, मगच पाइप सोडीन. लोक त्यांना फार मानायचे. आपण देवाधर्माने, रीतीने काम केलं, या समाधानात मामा एकवीस वर्षं सुखाने झोपले.

सभेतून ते तडक अक्काकडे गेले. अक्का आता पंचाहत्तरीची होती, कान तल्लख, जीभ त्याहून तल्लख.

"सांगितलंस?" तिने दारातच विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस, गोरख. नकाशा माझ्याही फोनवर आलाय."

मामा पायरीवर बसले. "सांगितलं तर श्रावणी यायची नाही. ती म्हणालीय, त्या माणसाचं तोंड बघणार नाही. पोरगी मला दिसायची नाही, अक्का."

"आणि नाही सांगितलंस तर?"

उत्तरही अक्कानेच दिलं.

"नाही सांगितलंस तर पाणी असंच राहील. पाणी असंच राहिलं तर ती कशी यायची? म्हणजे नात दोन्हीकडून गेली. मग निदान दुसऱ्या कुणाची तरी वाचव की! त्या कुंभारांच्या सुनेला सातवा लागलाय." अक्काचा आवाज चिरकला. तिने डोळ्याला पदर लावला. "माझ्या संडासाचं पाणी रे बाबा, त्या लेकराच्या बाटलीत. आता मला घास जायचा नाही. तू माझ्यासाठी केलंस, मला ठाऊक आहे. पण ओटी भरली म्हणून पाणी गिळून टाकेल असं वाटलं आपल्याला. केवढे खुळे आपण!"

अंगणातल्या एका फरशीवर ताजी हळद-पिंजर होती. अक्का दर अमावास्येला तिथे वाहायची. त्या फरशीखालीच ते तोंड होतं.

त्याच संध्याकाळी बार्शीहून श्रावणीचा फोन आला. रोज यायचा, ठमाबाईला आजोबा दाखवायला. ठमाबाईचे गाल वर आले होते. पडद्यावर मामा दिसताच तिची सायकल सुरू झाली.

"बाबा, काही कळलं का हो?"

"कळलं." मामा म्हणाले. "श्रावणी, तू म्हणाली होतीस, त्या माणसाचं तोंड बघणार नाही म्हणून."

"हो. कोण आहे?"

"मग आत्ता बघून घे, बाळा. मीच आहे तो."

त्यांनी सगळं सांगितलं. अक्काची टाकी, तेवीस घरं, ओट्या, सभेत मारलेली थाप. काही वगळलं नाही, सारवासारव केली नाही. श्रावणी ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. शेवटी तिने ठमाबाईला खांद्यावर घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मयूर तेवढा घरी येऊन जेवायचा आणि बापाकडे न बघता झोपायचा.

मामांनी मात्र सोमवारी सकाळीच जोगदंड मॅडमना गाठलं. "परवा मी खोटं बोललो. तेवीस तोंडं आहेत, सगळी माझ्या हातची. चला, दाखवतो."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नुसता डबा मामांच्या हातात दिला. बरोबर शेवंताक्काही काठी टेकत निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पहिलंच घर लोखंडेसाहेबांचं, बँकेतून निवृत्त झालेले. मामांना बघून त्यांनी दारातच हात आडवा धरला. "मामा, उगाच नाव घेऊ नका. आमच्याकडे बोअर कधी नव्हतंच. आणि सगळीकडे नवी फरशी बसवलीय, मी काही फोडू देणार नाही."

मामा घोटाळले. जुनं अंगण जाऊन तिथे गाड्या लावायची जागा झाली होती, भिंतीही सरकल्या होत्या. इकडे की तिकडे, त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

अक्का मात्र जमिनीकडे बघत काठीने टकटक करत पुढे गेली आणि एका स्कूटरपाशी थांबली.

"ही गाडी जरा सरकवा."

स्कूटर सरकली. खालच्या फरशीवर हळदीचा पिवळा डाग होता, त्यावर पिंजरेचं बोट आणि एक वाळलेलं फूल.

"बोअर नव्हतं तर इथे हळद कुणाला वाहता, साहेब? स्कूटरला?"

आतून साहेबांची सून बाहेर आली. "मी वाहते," ती म्हणाली. "दर अमावास्येला. सासूबाई जाण्याआधी सांगून गेल्या होत्या, या फरशीला चुकवू नकोस म्हणून. का, ते नाही बोलल्या. मला वाटलं वास्तूचं काही असेल."

लोखंडेसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी आडवा धरलेला हात खाली घेतला.

मग सगळं कसं भराभर उलगडत गेलं. पुरुष दारात उभे राहून नाही नाही म्हणायचे, आणि अक्का सरळ जमिनीकडे बघायची. कुठे तुळशीच्या कुंडीमागे, कुठे धुण्याच्या यंत्राखाली, कुठे जिन्याच्या पायथ्याशी हळद होतीच. ज्यांनी ओट्या भरल्या त्या बायांतल्या काही म्हाताऱ्या झाल्या होत्या, काही गेल्या होत्या. पण जाताना सुनांना, लेकींना ती एक फरशी सोपवून गेल्या होत्या. पाण्याचं तोंड झाकलंय तिथे, त्याला उपाशी ठेवायचं नाही. कारण विसरलं होतं, हळद राहिली होती. मामांना प्रत्येक फरशीपाशी वाकताना वाटत होतं, आपण काय करून बसलो ते या बायका एवढी वर्षं आपल्याला सांगतच होत्या, आपण बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत एकवीस सापडली. दोन घरं विकली गेली होती, तिथे हळद नव्हती. ती मामांनी जुन्या पाइपाच्या वळणावरून काढली. मॅडम कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "एवढं महागाचं यंत्र मला तीस फुटांवर आणून सोडतं. तुमची हळद थेट एका फरशीवर नेते."

तोंडं बुजवण्याआधी मॅडमनी टाकीच्या पाइपातून प्रत्येकात एक निरुपद्रवी रासायनिक खूण सोडली, दर बोअरची वेगळी. ती दुसरीकडे कुठे उगवते ते यंत्राला ओळखता यायचं. अकराव्या दिवशी मामांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला शेवंताक्काच्या बोअरची खूण आली. मधे एकाला एक लागून असलेल्या भेगा होत्या, दोनशे फुटांची वाट. बहिणीच्या दुःखावरचा इलाज असा चालत चालत नातीच्या बाटलीत पोचला होता.

अक्काचं झाकण मामांनी स्वतः फोडलं. पाइपाच्या काठाला, सिमेंटखाली, तिची ओटी तशीच अडकलेली होती. खण कुजून गेला होता, तांदळाची माती झाली होती. बांगड्या मात्र कालच्यासारख्या हिरव्या होत्या. अक्काने त्या धुऊन पदरात बांधल्या. दोघं भावंडं तिथेच मातीत बसून रडली आणि मग मामांनी बोअरमध्ये चिकणमाती आणि सिमेंट भरायला घेतलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पुष्कळांनी मामांशी बोलणं टाकलं. "त्याने स्वतःबरोबर आमची अब्रू घालवली," असं लोखंडेसाहेब चौकात म्हणायचे. पिण्याचं पाणी टँकरने यायला लागलं, रांगा लागल्या, त्याचाही राग मामांवरच निघायचा. पण तेवीस घरांच्या मैल्याची सोय करायची होती आणि ती कुणाला येत होती? मॅडमनी आराखडा दिला: वसाहतीच्या उताराला मोकळ्या जागेत खडीचे वाफे करायचे, त्यांत कर्दळ लावायची, टाक्यांचं पाणी त्यातून हळूहळू फिरवायचं. कर्दळीच्या मुळांशी राहणारे जंतू तो नायट्रोजन खातात आणि हवेत सोडून देतात. "बघा," मामांची उकळीची गोष्ट ऐकलेल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे ते चिवट जंतू कामाला आले."

मामा सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा गुडघ्यांवर आले. एकेका घरापासून वाफ्यापर्यंत चर खणून पाइप टाकायचे. मजूर होते, पण प्रत्येक जोड मामा स्वतः लावायचे आणि दोनदा तपासायचे. रात्री अंग ठणकायचं. बार्शीचा फोन मुका होता. तिसऱ्या महिन्यात एके रविवारी मयूर न बोलता चरात उतरला आणि त्याने बापाच्या हातातली पहार घेतली. मग त्याने फोन काढून वाफ्यांचा आणि चिखलाने माखलेल्या बापाचा फोटो काढला. तो कुठे पाठवला ते मामांनी विचारलं नाही.

कर्दळीला पहिली तांबडी फुलं आली त्या आठवड्यात मामा शेवटचा पाइप बसवत होते. मागून आवाज आला.

"किती वर्षं लागतील?"

मामांनी वळून बघितलं. चराच्या काठावर श्रावणी उभी होती. तिच्या कडेवर आठ महिन्यांची ठमाबाई, डोक्यावर कुंची, तोंडात बोट. मामा उठायला गेले तर गुडघे उठेनात. तसेच चरात बसून राहिले.

"मॅडम म्हणतात नऊ," ते म्हणाले. "भेगांतलं पाणी लवकर निवळेल. पण भेगांखाली मांजऱ्या खडक आहे, भाकरीसारखा भोकाभोकांचा. त्यात मुरलेलं हळूहळू सुटणार. नऊ वर्षांनी बोअरचं पाणी पिण्याजोगं होईल, असं यंत्र म्हणतं."

"म्हणजे ही दहाची होईल."

"हो. आणि मी शहात्तरचा. असलो तर."

"असलो तर म्हणजे काय?" श्रावणीचा आवाज एकदम चढला. चार महिने साठलेलं सगळं त्यात होतं. "मी फार रागावलेय तुमच्यावर, बाबा. अजून आहे. तो राग एवढ्यात जायचा नाही. पण फोन ठेवला त्या रात्री माझ्या मनात आलं, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, तरी सांगितलंत." तिने डोळे पुसले. "म्हणून तुम्ही असायलाच पाहिजे. नऊ वर्षांनी या बोअरचा पहिला पेला तुम्ही प्यायचा. नंतर आठ दिवस मी तुमच्याकडे बघणार. तुम्ही धडधाकट राहिलात, तरच दुसरा पेला हिला."

मामांना हसू आणि रडू एकदमच आलं. "बरं बाई. कबूल."

ठमाबाईने तोंडातलं बोट काढून चरातल्या त्या चिखलाने माखलेल्या माणसाकडे निरखून बघितलं. मग तिचे पाय हलायला लागले, आधी हळूहळू, मग जोरात. श्रावणीने वाकून तिला मामांच्या पुढ्यात धरलं.

"हात मातीचे आहेत गं माझे."

"असू देत. घ्या. भूक लागलीय तिला, घरी जाऊन बाटली करा. टँकरचं पाणी मॅडमनी तपासून दिलंय, पिशवीत आहे." ती दोन पावलं पुढे गेली आणि वळून म्हणाली, "आणि बाबा, एकच उकळी."